३० कुंड्यांचं ठिबक किट, दोन सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हे किट मी हौस म्हणून घेतलं नाही, वैतागून घेतलंय. गच्चीवर भाज्या लावते त्याला आता बरीच वर्षं झाली, घरी खाऊन उरेल ते दर शनिवारी शेतकरी बाजारात एक टेबल मांडून विकते, फार मोठा धंदा वगैरे नाही पण बियाणं, खत, माती ह्याचा खर्च त्यातून निघावा एवढी अपेक्षा असते. आणि किट घ्यायच्या आधीच्या सीझनला झालं असं की टोमॅटो भरपूर आले पण विकायला नेण्यासारखे कमी आणि घरात बसून संपवायचे जास्त. देठाभोवती गोल गोल तडे, काही तर वरून खालपर्यंत उभे फुटलेले. बाजारात एक काकू येतात, अगदी ठरलेलं गिऱ्हाईक, त्यांनी एक टोमॅटो उचलला, फिरवून बघितला, हळूच परत ठेवला आणि म्हणाल्या, "चवीला छानच असतील गं, पण आज नको." ते "आज नको" फार लागलं.

कारण मला माहीत होतं, कबूल करायचं नव्हतं इतकंच. पाणी. मी झारीने आणि पाइपने घालायचे, म्हणजे एखाद्या दिवशी सकाळी सातला, एखाद्या दिवशी अकराला, कधी राहूनच गेलं की दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून दुप्पट. टोमॅटोचं काय होतं, कोरड पडली की सालीची वाढ थांबते, मग एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि साल काही त्याच्याबरोबर ताणली जात नाही, झाला तडा. काहींचं बूड काळं पडायचं, त्यावर मी आधी सगळ्यांसारखीच अंड्यांची टरफलं चुरून घातली. काही उपयोग नाही, एक तर टरफलं मातीत विरघळायला फार वेळ घेतात आणि बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच, ते फळापर्यंत वाहून न्यायला पाणी सलग मिळत नाही ही खरी बोंब असते. काकड्यांचं तेच, तहान आणि ऊन सोसलेली काकडी कडू होते, आणि कडू काकडी विकली की ते गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात तुमच्या टेबलासमोरून दुसरीकडे बघत जातं.

तर किट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे काय झालं ते वाचलं की कळेल, आणि तसंही हेच किट निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत मिळतं असं मला आता दिसतंय. खोक्यावर "३० कुंड्यांसाठी" आणि "अत्याधुनिक तंत्रज्ञान" असं छापलंय. इस्रायलमधल्या हात्झेरीम किबुत्झवर ठिबकची कंपनी १९६५ साली निघाली, म्हणजे हे अत्याधुनिक तंत्रज्ञान वयाने माझ्याहून मोठं आहे, पण ठीक आहे. आत १६ मिमीची मुख्य नळी, ४ मिमीच्या बारीक नळीचं एक वेटोळं, ३० ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोंडं), टी आणि एल्बो असले जोडायचे तुकडे मिळून एक पिशवीभर, एंड कॅप, भोक पाडायचा पंच, एक छोटा जाळीचा फिल्टर आणि सेलवर चालणारा टायमर.

बसवायला अर्धा दिवस गेला. व्हिडिओत तो माणूस वीस मिनिटांत करतो, त्याचं मनावर घेऊ नका. बारीक नळी कनेक्टरवर चढतच नाही, बोटं सोलवटतात. माझ्या मुलीने शेवटी एका मगात गरम पाणी आणलं, नळीचं टोक त्यात दहा सेकंद बुडवायचं, मऊ पडतं, मग लोण्यात सुरी जावी तसं बसतं. पुस्तिकेत हे कुठेही लिहिलेलं नाही. मुख्य नळी पण आधी तासभर उन्हात पसरून ठेवा, वेटोळ्याचा पीळ गेल्याशिवाय ती सापासारखी उठून बसते आणि कुंड्या आडव्या करते.

आता मुद्द्याची गोष्ट, जी घेण्याआधी मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ड्रिपरवर ताशी २ लिटर लिहिलंय, ते १ बार प्रेशरला. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरचं पाणी. माझी टाकी कुंड्यांपासून जेमतेम अडीच मीटर वर आहे, म्हणजे पाव बार. मी काय केलं, पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक रिकामी बाटली ठेवली आणि १५ मिनिटं सोडलं. हिशोबाने ५०० मिली यायला हवं. पहिल्यात आलं २७० आणि शेवटच्यात १४०. म्हणजे आधीच निम्मं आणि टोकाच्या झाडाला त्याच्याही निम्मं! मी तशीच चालू ठेवली असती तर टोकाचे टोमॅटो पुन्हा तहानलेलेच राहिले असते आणि मी बसले असते बियाण्याला दोष देत.

उपाय सोपा निघाला. मुख्य नळीचं शेवटचं टोक एंड कॅपने बंद न करता फिरवून परत सुरुवातीला टी लावून जोडलं, म्हणजे नळीचं कडं झालं आणि पाणी दोन्ही बाजूंनी यायला लागलं. परत बाटल्या ठेवल्या, आता २४० आणि २१५. चालतंय की. किट कुठलंही घ्या, बाटल्यांची ही परीक्षा पहिल्याच दिवशी करा, एवढं एक ऐकाच माझं. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग म्हणून महागातले ड्रिपर मिळतात, ते सगळीकडे सारखं पाणी देतात म्हणे, देतातही, पण त्यांना मुळात बऱ्यापैकी प्रेशर लागतं, नुसत्या टाकीच्या उंचीवर ते नीट चालत नाहीत, त्यामुळे टाकीवाल्यांनी तिकडे पैसे घालू नयेत.

दुसरी गंमत म्हणजे ते "३० कुंड्यांसाठी". कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण असलं की ड्रिपरचं पाणी बाजूला पसरतच नाही, सरळ खाली उतरतं. मी आठवड्याने एका ग्रो बॅगमध्ये, म्हणजे कुंडीऐवजी वापरायच्या पिशवीत, बोट खुपसून बघितलं, ड्रिपरच्या खाली चिखल आणि वितभर अंतरावर भुगा, कोरडा ठाक. जड मातीत पाणी आडवं सरकतं पण गच्चीवर जड माती कोण चढवतंय. त्यामुळे मोठ्या बॅगेला दोन ड्रिपर लागतातच, बुंध्याच्या दोन बाजूंना. म्हणजे माझ्या १० टोमॅटोच्या बॅगांना २०, काकडीच्या ४ बॅगांना ८, मिरचीच्या ६ छोट्या कुंड्यांना एकेक, झाले ३४ आणि किट संपलं. ३० कुंड्यांचं किट म्हणजे खरं तर १५ कुंड्यांचं किट, जास्तीचे ड्रिपर वेगळे आणावे लागले. ही शुद्ध फसवणूक आहे असं नाही म्हणणार, पण खोक्यावर कुंडीचं माप लिहायला काय जातं?

आणि पालक, कोथिंबिरीच्या ट्रेसाठी हे घेऊ नकाच. दाट पेरलेल्या भाजीला थेंबाथेंबाने पाणी देऊन चार हिरवे ठिपके उगवतात, बाकी ट्रे टकला. तिथे झारीच बरी. मी दर दोन आठवड्यांनी एक ट्रे पेरते म्हणजे बाजाराला सलग जुड्या मिळतात, सगळं एकदम पेरलं की सगळं एकदम तयार होतं आणि मग तुरे येतात, ते खायचं तरी किती.

टायमर दिवसाला तीनदा लावला, प्रत्येक वेळी २० मिनिटं. एकदम तासभर सोडण्यापेक्षा असं तुकड्यातुकड्याने दिलेलं चांगलं, हलक्या मिश्रणातून खालून वाहून जात नाही. हिशोब केला तर एका टोमॅटोच्या बॅगेला दिवसाला पावणेदोन लिटरच्या आसपास पडतं. कडक उन्हात फळांनी लगडलेलं झाड ह्याहून जास्त पितं, तेव्हा मी चौथी पाळी वाढवली. वर वाळक्या पानांचं आच्छादन टाकलं, त्याने तर अर्धं काम केलं असेल, आणि ते फुकट.

मग फरक पडला का? पडला, आणि चांगलाच पडला, म्हणून तर एवढं लिहितेय. माझ्याकडे वही आहे, तोड्याच्या दिवशी वजनकाट्यावर घालून लिहिते, बाजारात किती नेले आणि घरी किती ठेवले. झारीच्या सीझनला १० बॅगांतून ४१ किलो निघाले, त्यातले टेबलावर मांडण्यासारखे १९. किटच्या पहिल्या सीझनला ५२ निघाले आणि त्यातले ४३ बाजारात गेले. एकूण माल वाढला ते आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं, पेटीतला किती माल विकायच्या लायकीचा निघाला ते. पाणी किती वाचलं हे सगळे रिव्ह्यू सांगतात, वाचत असेल, मी मोजलं नाही. मी फुटलेले टोमॅटो मोजते.

घरात पण फरक जाणवला, थोडा उलटा. आधी फुटके टोमॅटो किलोकिलोने स्वयंपाकघरात यायचे, आणि फुटका टोमॅटो थांबत नाही, तडा गेलेल्या जागी दुसऱ्या दिवशी बुरशीचा पांढरा कापूस धरतो, म्हणून तोडला त्याच दिवशी शिजवायचा. रस आटवा, गाळा, फ्रीजरमध्ये भरा, रात्री अकराला मी पातेल्यासमोर उभी. आता ते संपलं. आता घरासाठी म्हणून मी चार झाडं वेगळी धरते, त्यांची फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ देते आणि पिकायला लागली की त्यांच्या ड्रिपरचं पाणी थोडं कमी करते, फळ आकाराने जरा लहान राहतं पण गोडी वाढते त्याची. बाजारासाठीचे मात्र बुडाशी रंग फिरला की लगेच तोडायचे, आत खोलीत तीन-चार दिवसांत छान पिकतात आणि तोवर पक्षी, किडे, अवकाळी सर ह्यांच्या तावडीतून सुटलेले असतात. फक्त फ्रीजमध्ये ठेवू नका, १२ अंशांच्या खाली टोमॅटोची चव मरते, विकायचे असोत की खायचे.

काकड्या. एकही परत आली नाही. मी आता टेबलावर एक काकडी कापून ठेवते, चाखा म्हणून, आधी हे करायची हिंमत नव्हती.

आता रडगाणं. फिल्टर. जो दिलाय तो अंगठ्याएवढा आहे आणि जाळी इतकी ढिली की त्यातून सगळं जातं, दीड महिन्यात आठ ड्रिपर बंद. झाड कोमेजलं की कळतं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. १२० मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा, मोठा फिल्टर वेगळा आणून लावा. आमच्या टाकीचं पाणी जड आहे, क्षार धरतात, तर बंद पडलेले ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घालते, सकाळी खळखळून धुतले की चालू. महिन्यातून एकदा नळीचं कडं एका जागी सोडवून पाणी मोकळं वाहू द्यायचं, पहिलं जे तपकिरी पाणी येतं ते बघून किळस येईल, पण ते ड्रिपरमध्ये जाण्यापेक्षा बाहेर आलेलं बरं. आणि हो, शेणखताचं पाणी, जीवामृत असलं काही ह्या नळीतून सोडायचा मोह होतो, नका करू, ते झारीनेच.

आणि टायमर. इथे माझा घात झाला. टायमर दोन प्रकारचे असतात, हे मला नंतर कळलं. एकात सोलेनॉइड व्हॉल्व, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारी झडप असते, तिला उघडझाप करायला पाण्याचं प्रेशर लागतं, टाकीवर ती बहुतेक चालत नाही. दुसऱ्यात बारीकशी मोटर असते, ती बॉल व्हॉल्व फिरवते, तो शून्य प्रेशरला पण चालतो. किटमध्ये दुसरा होता, म्हणजे माझ्यासाठी बरोबर होता. पण मोटरवाल्याची खोड अशी की सेल उतरले तर व्हॉल्व ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहतो. उघडा तर उघडा.

दुसऱ्या सीझनची गोष्ट, आम्ही गुरुवारी दुपारी एका लग्नाला गावाला गेलो, शुक्रवारी रात्री परत येणार, शनिवारी बाजार. शुक्रवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे भाऊ फोन करतात, "वहिनी, तुमच्या गच्चीतून आमच्या बाल्कनीत रात्रभर पाणी गळतंय, काही चालू राहिलंय का?" काय चालू राहिलंय ते मला फोनवरच कळलं. टायमरने संध्याकाळच्या पाळीला व्हॉल्व उघडला, बंद करायला त्याच्यात जीव उरला नाही. ५०० लिटरची टाकी रिकामी. येऊन बघितलं तर बॅगांखाली तळं, आणि शनिवारसाठी म्हणून झाडावर ठेवलेले, रंग फिरत आलेले टोमॅटो, जवळजवळ सगळे टरारून फुटलेले. ज्या आजारावर औषध म्हणून आणलं त्यानेच आजार दिला. त्या शनिवारी टेबलावर मिरच्या, काकड्या आणि पालक. काकूंनी विचारलं, "टोमॅटो कुठे गं आज?" मी म्हटलं, "लग्नाला गेले होते."

कस्टमर केअरला फोन केला. फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, मग बिल पाठवा, मग नऊ दिवस काही नाही, मग उत्तर आलं की तुम्ही रिचार्जेबल सेल वापरलेत त्यामुळे वॉरंटी बसत नाही. खरं आहे, मी रिचार्जेबलच घातले होते, दर दोन महिन्यांनी सेल फेकायला जीवावर येतं म्हणून. साधा सेल १.५ व्होल्टचा असतो आणि रिचार्जेबल १.२ चा, आणि तो शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राहून मग एकदम उतरतो, त्यामुळे टायमरचं लो बॅटरीचं चिन्ह लागतच नाही, किंवा लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुस्तिकेत शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय म्हणे. चूक माझी पण आहे, मान्य. पण जे यंत्र माणूस घरी नसताना पाणी घालायला म्हणून विकता, ते सेल उतरताना आपोआप बंद व्हायला नको का? तसे टायमर मिळतात, सेल कमी झाले की आधी व्हॉल्व बंद करतात आणि मग झोपतात. मी आता तसाच वेगळा आणलाय आणि सेल पॅकिंगवरची तारीख बघून साधेच घालते.

पावसाचं पण त्याला काही कळत नाही हे लक्षात ठेवा. बाहेर धो धो चालू आणि हा इमानेइतबारे वीस मिनिटं पाणी सोडतोय. रेन डिले म्हणून बटण आहे, दाबलं की २४ तास थांबतो, पण ते दाबायला गच्चीवर भिजत जायचं कुणी.

तर मार्क द्यायचे झाले तर नळी, ड्रिपर, जोडण्या ह्यांना ५ पैकी ४, दोन सीझन उन्हात राहून नळी तडकलेली नाही, ही साधी गोष्ट नाही. फिल्टरला १. टायमरला शून्य द्यायचा होता पण पहिला सीझन त्याने नीट काढला म्हणून १. पाच-सहा कुंड्या असतील तर घेऊच नका, सकाळी चहा पिता पिता झारी फिरवा, झाडांशी गप्पा होतात, मावा लागलाय का, बगलफुटी वाढल्यात का ते दिसतं, जे किट घेतल्यापासून माझं बघायचं राहून जायला लागलंय हे पण खरं. दहाच्या वर बॅगा असतील आणि त्यातलं काही विकायचं असेल तर घ्या, पण शक्य असेल तर पूर्ण किटऐवजी नळी, ड्रिपर, फिल्टर, टायमर सुटे सुटे घ्या, हिशोब तोच बसतो आणि कचरा घरात येत नाही.

पंच मात्र सांभाळून ठेवा. माझा पहिल्याच महिन्यात कुठल्यातरी बॅगेच्या मातीत गेला, आणि तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक कधीच गोल होत नाही, त्या दोन जागा अजून गळतायत.